वरुणला पाणी लागलं

१

गुन्हेगार सापडला, त्याने गुन्हा कबूल केला, आणि नेर सागरी भागधारक मंडळाने शाल, श्रीफळ व स्टीलचा डबा देऊन त्याचा जाहीर सत्कार केला. डबा चार कप्प्यांचा होता.

असं काही झालेलं नाही. वरचा परिच्छेद कुणी वाचला असेल तर त्याने तो होता तिथे परत ठेवून द्यावा. गुन्हेगार अजून सापडायचा आहे, शाल दुकानात आहे, आणि मंगळवारची सकाळ नुकती कुठे उजाडते आहे.

नेरहून पश्चिमेला निघा नाहीतर पूर्वेला, समुद्र जवळजवळ सारखाच लांब. त्यामुळे समुद्राबद्दल नेरचं मत निःपक्षपाती होतं. पण नीळकंठराव पांढरीपांड्यांची अनघा भूगर्भशास्त्र शिकली आणि अरबी समुद्रात खोदकाम करणाऱ्या एका जहाजावर नोकरीला लागली, आणि गावाचा निःपक्षपातीपणा एका संध्याकाळीत संपला. जहाज भाड्याने घेतलं होतं मकरध्वज एक्सप्लोरेशन नावाच्या चिमुकल्या कंपनीने. कंपनीची एकूण मिळकत म्हणजे सरकारचा एक परवाना आणि समुद्राच्या तळाला पडत असलेलं एक भोक. भोकाचं नाव वरुण. तेल लागलं तर शेअर आभाळात, नाही लागलं तर समुद्राच्या तळाशी. मधे थांबा नव्हता.

गावची पोरगी जे भोक पाडते ते भोक गावचं, एवढा साधा विचार करून नेरने शेअर घेतले. नीळकंठराव म्हणजे वणीच्या कोळसा खाणीच्या ऑफिसात जन्म काढून मूळ गावी परत आलेले गृहस्थ. ते मंडळाचे अध्यक्ष झाले. कापसाचा अडत्या मंदार लोहकरे सचिव झाला. बाजारात लोक एकमेकांना "काय म्हणते आपली विहीर?" असं विचारू लागले, आणि विचारताना आवाज जरा वरच लागायचा, म्हणजे बाजूच्या तालुक्यातून आलेल्या माणसालाही ऐकू जावं.

अनघा तोंडाची पक्की. जहाजावरचं चकार शब्द बाहेर सांगायची नाही. सांगितलं तर नोकरी जाते, हे तिने बापाला आणि बापाने गावाला बजावलेलं होतं. तिच्या तोंडून एकच गोष्ट बाहेर पडली होती: तेल लागेल त्या दिवशी जहाजाचा आचारी सगळ्यांना गुलाबजाम करणार. विहीर किती खोल ते गुप्त, खडक कसला ते गुप्त, गुलाबजाम जाहीर. सोमवारी खोदकाम तळाला पोचेल आणि निकाल बुधवारी सांगू, एवढं कंपनीने स्वतःच कळवलेलं होतं.

तर मंगळवार. ममता खंडारेने आपल्या झेरॉक्सच्या दुकानाचं शटर उचललं तेव्हा बाहेर गर्दी होती आणि गर्दीत गुलाल होता. दुकानाबाहेर काळा फळा टांगलेला असे. वरच्या अर्ध्यात मंदार रोजचा भाव लिही, खालच्या अर्ध्यात गाव वाटेल ते लिही: हरवलेली म्हैस, बारशाचं आमंत्रण, दुःखद निधन. खडूचा डबा खिडकीत उघडाच असायचा. त्या सकाळी फळ्याच्या खालच्या भागात, पिवळ्या खडूने काढलेल्या चौकटीत, डाव्या हाताने लिहावं तशा वाकड्या अक्षरात एकच ओळ होती.

वरुणला पाणी लागलं.

एप्रिल महिन्यात नेर तालुक्यात या वाक्याचा अर्थ कुणी कुणाला विचारत नाही. बोअरला पाणी लागलं की नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, आणि ज्याच्या शेतात लागलं तो दोन दिवस कुणाशी धड बोलत नाही. इथे तर अख्ख्या गावाच्या शेतात लागलं होतं. विमलताईंच्या हॉटेलातले पेढे उन्हं वर यायच्या आत संपले. बोअरची गाडी चालवणाऱ्या उकंडा ढोकेला, विहीर त्याने खोदलेली नसताना, तांत्रिक क्षेत्रातला माणूस म्हणून हार घालण्यात आला. आणि ज्यांच्याकडे चार शेअर होते त्यांनी आणखी घेतले. बरेच जण ममताच्याच कॉम्प्युटरवरून घ्यायचे. ओटीपी आला की रस्त्यापलीकडून ओरडून तिला सांगायचे. गावाचा तिच्यावर एवढा विश्वास होता.

बुधवारी कंपनीने कळवलं की वरुणमध्ये फक्त पाणी आढळलं. तेल नाही, वायू नाही. विहीर बुजवण्यात येत आहे.

शेअर दगडासारखा खाली गेला. पण खरी चीड त्याची नव्हती. चीड ही होती, की फळ्यावरची ओळ खोटी नव्हती. कुणाला तरी खरं आधीच कळलं होतं, आणि नेर कशाला हुरळतं हे नेमकं ओळखून त्याने ते तसं लिहिलं होतं. मग सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं, की आपल्यात बुडालं नाही असं कोण आहे.

ममताकडे एकही शेअर नव्हता. खडू तिचा, खिडकी तिची, शटर तिचं.

"शुक्रवारी सभा हाय," मंदार म्हणाला. तो तिच्याकडे न बघता पंख्याकडे बघत होता. "तोवर नाव सांगजो, ममता. नाहीतर फळा माया अडतीवर जाईन. अन् ठरावात लिहा लागन, का ममता झेरॉक्सवर कोणी ओटीपी सांगू नये."

त्या संध्याकाळी एक म्हातारा पीकविम्यासाठी आला. ओटीपी आल्यावर त्याने मोबाईल तळहाताने झाकला आणि स्वतःच बटणं दाबू लागला. तिन्ही वेळा चुकला. ओटीपी झाकणारं गाव तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं. असं आठवडाभर चाललं तर शटर उचलायची गरजच उरणार नव्हती.

२

उकंडा ढोके गाडीखाली उताणा पडून नट आवळत होता. ममताने त्याच्या पायांशी बोलायला सुरुवात केली.

"भाऊ, फळ्यावरचं वाक्य तुमचं हाय. दिवसभर तेच बोलता तुम्ही."

"बोलतो," पाय म्हणाले. "लिहित नाही. अन् लिहिलंच असतं तर असं लिहिलं असतं काय? वर श्री नाही. नारळ नाही काढला. हळदीचं बोट नाही. साध्या बोअरले पाणी लागलं तरी मी खडकावर आधी हळद-कुंकू लावतो. एवढी मोठी समुद्रातली विहीर, अन् लिहिणाऱ्यानं नुसतं ओरखडून ठेवलं. कोण्या अडाण्याचं काम हाय ते?"

"तुमाले राग लिहिल्याचा हाय का श्री नसल्याचा?"

पाय जरा वेळ विचारात पडले. "श्रीचा जास्त हाय," ते म्हणाले. "अन् एक सांगतो. मले हार घातला ना, तो मी काढला नाही. घरी खुंटीले हाय. पाणी तं लागलंच होतं ना बाप्पा."

विमलताई मिरच्या तळत होत्या. पेढ्यांचा विषय निघताच त्यांनी झारा कढईवर आपटला.

"फायदा मायाच झाला असं म्हणतेस तू?"

"मी नाही म्हणत. लोकं म्हणून राह्यले."

"लोकाईले सांग, अर्धे पेढे म्या फुकट वाटले. आनंद झालता मले. माह्या नावाची विहीर समुद्रात हाय, हे मायच्या घरी फोन करून सांगितलंतं म्या. माय म्हणे, मग धुणं तिकडंच धू." त्यांनी मिरच्या उलटल्या. "अन् कोणं लिहिलं ते म्या पाहिलं नाही. भट्टी पेटवली तवा झुंजुमुंजू होतं. दूधवाला गेला. पांढरीपांडे काका वणीच्या बससाठी निघालते, पिशवी घेऊन, तोंड एवढुसं करून. चहा घ्या म्हटलं तं म्हणे बस सुटन. बस तं उभीच होती, डायव्हरच माह्याइथं पोहे खात होता."

ममताने दूधवाल्याचा विचार केला आणि सोडून दिला. त्याला लिहिता येत नव्हतं. तो दुधाचा हिशोबही रेघांनी ठेवायचा. काकांचा विचार तर कुणीच करत नव्हतं. गावाने त्यांना पहिल्या तासातच वगळलं होतं. मंगळवारी ते गावातच नव्हते, वणीला जुन्या साहेबाच्या नातवाच्या मुंजीला होते. बुधवारी परत आले ते थेट बुडालेल्या गावात. आणि सगळ्यात जास्त शेअर त्यांचेच. आधी कळलं असतं तर माणूस विकून मोकळा झाला असता. त्यांनी एकही विकला नव्हता.

मग विकले कुणी?

३

अख्खं नेर शिव्या देत होतं. फक्त एक माणूस शिव्या न देता दारोदार समजूत काढत फिरत होता. ममता सरळ अडतीवर गेली.

"मंदारभाऊ, तुम्ही लय शांत हा."

"सचिवानं शांत राहा लागते."

"तुमचे शेअर कोठी हायेत?"

मंदारने आजूबाजूला पाहिलं. सरकीच्या पोत्यांशिवाय कुणी नव्हतं. तरी त्याने पोत्यांकडे पाठ केली.

"विकले," तो म्हणाला. "मंगळवारी."

सुटलं, असं तिला वाटलं. इतक्या सहज सुटलं याचं थोडं वाईटही वाटलं.

"चुकून," मंदार म्हणाला. "मले घ्यायचे होते. एक बटन हिरवं, एक लाल. मांगून सगळे ढकलून राह्यले, गुलाल मोबाईलवर पडला, लालच दिसलं मले. दाबून टाकलं. घरी जाऊन पाहतो तं सगळेच गेले. त्या दिवशी रडलो मी, ममता. गावची विहीर लागली अन् सचिवाकडेच शेअर नाही. दुसऱ्या दिवशी बातमी आली, तवा..."

"तवा वाचले तुम्ही."

"हळू बोल," मंदार म्हणाला. "सगळे बुडाले अन् सचिव एकटा वाचला. तोंड दाखवता येईन काय मले बाजारात? मी लिहिलं असतं ना, तं वाचल्याचा आनंद तरी झाला असता."

ममताने त्याच्याकडे नीट पाहिलं. खोटं बोलणारा माणूस नफा लपवतो हे तिला माहीत होतं. नफ्याची लाज वाटून इतका बारीक झालेला माणूस ती पहिल्यांदाच बघत होती.

"मग फळा कायले नेऊन राह्यले माह्या दारातून?"

"लोकं कोणाकडे तरी पाहणारच ना," मंदार म्हणाला. "तुह्याकडे पाहतात तोवर माह्याकडे नाही पाहत."

हे इतकं खरं होतं, की त्यावर रागावताही येईना.

४

नीळकंठराव ओसरीवर आरामखुर्चीत होते. बुधवारपासून त्यांनी दाढी केली नव्हती; अध्यक्षाचा अर्धा रुबाब तिथेच गेला होता.

"काय जेवलीस?" त्यांनी विचारलं. भेटेल त्याला ते हेच विचारत. गव्हर्नर भेटला असता तरी विचारलं असतं.

"भाकर अन् ठेचा, काका."

"बरं केलंस."

ममताला त्यांना काही विचारायचं म्हणजे जड वाटत होतं. तिचं दुकान उघडलं त्या दिवशी फीत त्यांनीच कापली होती, आणि कात्री बोथट निघाल्यावर दातांनीही तोडली होती.

"काका, तुमाले कोणावर संशय हाय?"

"नाही."

"उद्या सभेत माया फळा नेतील."

"ऐकलं," ते म्हणाले आणि खुर्चीच्या दांडीवर नखाने काहीतरी खरवडू लागले. "नेऊ नये त्यांनी."

एवढंच. ममताने विषय बदलला. "अनघाताई उद्या येऊन राह्यली म्हणे. तिचं ते नागपूरचं स्थळ होतं ना, त्याचं काय झालं?"

"त्याला पाणी लागलं," नीळकंठराव म्हणाले.

"अरे वा. अभिनंदन, काका."

नीळकंठरावांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू बाराव्याला येऊन कुणी लग्नाचा आहेर दिला असावा. मग ते उठून आत गेले. साखरही हातावर ठेवली नाही. बिचारे, ममताला वाटलं, मुलीचं लग्न ठरलं तरी शेअरच डोक्यात आहे.

दुकानात परतल्यावर तिने एकाचं काम हातात घेतलं. नेहमीचं काम: दुःखद निधन, अंत्ययात्रा राहत्या घरून. तिने नाव टाईप केलं, वय घातलं, आणि सवयीने मजकुराभोवती चौकट ओढली. माऊसवरचा हात तिथेच थांबला.

लग्नपत्रिकेला ती गणपती घालायची. बारशाला पाळणा, वाढदिवसाला केक, बोअरच्या शुभारंभाला कलश. साधी रिकामी चौकट ती एकाच गोष्टीला घालायची.

तिने बाहेर जाऊन फळ्यासमोर उभं राहून पाहिलं. ओळ अजून तशीच होती; गावाने ती पुरावा म्हणून पुसू दिली नव्हती. श्री नाही. नारळ नाही. नुसती चौकट.

लिहिणाऱ्याने आनंदाची बातमी लिहिलीच नव्हती.

५

पण नेरमध्ये पाणी लागणं ही वाईट बातमी कुणाची असू शकते, हे तिला रात्रभर सुचलं नाही. शुक्रवारी सकाळी यवतमाळच्या बसमधून अनघा उतरली तेव्हा ममता स्टँडवर होती. त्या दोघींची मैत्री यवतमाळच्या कॉलेजातली, एकाच बाकावरची. अनघा उन्हाने रापली होती आणि जमिनीवर जरा सांभाळून पाय टाकत होती.

"स्थळाचं अभिनंदन," ममता बॅग उचलत म्हणाली.

"कसलं अभिनंदन? मोडलं ते. महिना महिना समुद्रात राहणारी सून नको म्हणे त्यांना."

"काहून? काका तं म्हणाले त्याले पाणी लागलं."

अनघा हसत सुटली. मग बॅगेवरच बसली. "अगं, ते बाबांचं खाणीतलं मराठी. कोळशाच्या खाणीत पाणी लागलं की काम बंद, पळत सुटायचं. वणीच्या आमच्या कॉलनीत सगळे तसंच बोलायचे. दूध नासलं, पाणी लागलं. स्कूटर बंद पडली, पाणी लागलं. माझ्या अकरावीच्या गणितालासुद्धा पाणी लागलं होतं." ती एकदम थांबली. "तुझा चेहरा असा काय झाला?"

ममता बसकडे बघत होती. मंगळवारी याच जागेवर वणीची बस उभी होती. ड्रायव्हर पोहे खात होता. काका दिवसभर गावात नव्हते, हे खरं होतं. पण ओळ दिवसभरात लिहिलेलीच नव्हती.

६

"मी गावाला सावध केलं, ममता," नीळकंठराव म्हणाले. अनघा मागे आंघोळीला गेली होती; बादलीचा आवाज येत होता. "पळा, असं लिहिलं मी. एवढं स्पष्ट लिहून बसमध्ये बसलो. मुंजीत दोन घास निवांत जेवलो, की वाचलं आपलं गाव. परत येऊन बघतो तर रस्त्यात गुलाल."

"मग सांगितलं काहून नाही?"

"अक्षर कशाला फिरवलं मी? डाव्या हातानं कशाला लिहिलं?" त्यांनी न्हाणीकडे मान वळवली. "माझं नाव आलं की लोक म्हणतील पोरीनं सांगितलं. तिची नोकरी जाईल. म्हणून तर मी माझा एक शेअर विकला नाही. सगळे ठेवले. बुडायचं तर राजीखुशीनं बुडायचं."

"अन् माया फळा?"

नीळकंठराव पुन्हा खुर्चीच्या दांडीवर नखाने खरवडू लागले. बादलीचा आवाज थांबला होता.

ममता पायऱ्या उतरली. सभा पाच वाजता होती. नाव सांगितलं तर दुकान वाचत होतं, आणि बाकावरची मैत्रीण जमिनीवर येत होती.

७

कापूस बाजाराच्या शेडमध्ये सभा भरली. अध्यक्षांच्या खुर्चीत नीळकंठराव, बाजूला मंदार, समोर सतरंजीवर बुडालेले भागधारक. बुडालेले असले तरी इस्त्रीच्या शर्टात आले होते. उकंडाने तर हार घातला होता. अनघा मागे विमलताईंजवळ बसली होती.

"नाव सांग," मंदार म्हणाला.

"नाव नाही सांगत," ममता उभी राहून म्हणाली. "फळा घेऊन जा. पण आधी दोन गोष्टी ऐका. लिहिणाऱ्यानं आपल्याले फसवलं नाही. उकंडाभाऊ, तुम्हीच म्हणाले, वर श्री नाही, नारळ नाही. चौकट होती. चौकटीत आपण काय लिहितो?"

सतरंजीवर कुणीतरी हळूच म्हणालं, "मयत."

"मयतच लिहिली होती त्यानं. आपण बारसं समजून पेढे वाटले. कारण पाणी लागलं म्हणजे आपल्याइथं सोनं. पण याच जिल्ह्यात असे लोकं हायेत ज्याईच्यासाठी पाणी लागलं म्हणजे पळा. वणीच्या खाणीत..."

तिने जीभ चावली. उशीर झाला होता. तिला नाव सांगायचं नव्हतं. पण त्या शेडमध्ये वणीच्या खाणीचा माणूस एकच होता, आणि सगळी सभा वळून त्याच्याकडे बघत असताना तो स्वतः मागे वळून वणीचा माणूस शोधत होता. त्याच्या मागे फक्त भिंत होती.

नीळकंठराव उठले. दाढी त्यांनी केलेली होती, हे सगळ्यांना तेव्हा दिसलं.

"मी लिहिलं," ते म्हणाले. "ह्या पोरीवर बोट दाखवलंत त्याची मला तीन दिवस लाज वाटते आहे. फळा तिच्याच दारात राहील. आणि माझ्या अनघानं मला काही सांगितलेलं नाही."

"बाबा," अनघा मागून म्हणाली, आणि ती खरोखरच गोंधळलेली होती, "मी तर काहीच सांगितलं नव्हतं. मग तुम्हाला कळलं कसं?"

"सोमवारी फोनवर मी काय विचारलं?"

"नेहमीचंच. काय जेवलीस."

"मग तू काय म्हणालीस?"

अनघाने डोळे मिटून आठवलं. "वरण-भात," ती म्हणाली.

गुलाबजाम नेरमध्ये सगळ्यांना पाठ होते. खोदकाम तळाला पोचलं त्या संध्याकाळी वरुणवर वरण शिजलं होतं, आणि जगात एकाच माणसाला ते विचारायचं सुचलं होतं.

"वरण-भात काही गुप्त नसतो," अनघा सावकाश म्हणाली. "मेन्यू तर आमच्या भिंतीवर लावतात."

उकंडा उभा राहिला. "थांबा जी. मुंबईच्या बाजाराले हे कवा कळलं?"

"बुधवारी."

"अन् नेरले?"

"मंगळवारी," ममता म्हणाली. "उलटं कळलं."

"उलटं का होईना," उकंडा हार सरळ करत म्हणाला. "आधी कळलं."

हे सतरंजीवर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेलं, आणि जाता जाता लोकांच्या पाठी ताठ होत गेल्या. मोठमोठ्या ऑफिसांत काचेच्या आड माणसं बसलेली, त्यांना बुधवार उजाडावा लागला. नेरला वरणावरून कळलं. विमलताई म्हणाल्या की हे त्या आजच मायला फोन करून सांगणार.

त्या ओघात मंदारही उठला आणि लाल बटणाचं सांगून मोकळा झाला. शिव्यांची वाट बघत मान खाली घालून तो उभा राहिला. पण आपल्यातला एक जण तरी वाचला, म्हणून सभेला उलट बरंच वाटलं. त्याला एवढंच सांगण्यात आलं की अध्यक्षांच्या सत्काराचा खर्च त्याचा. शाल आणली गेली. नारळ आणला गेला. डबा निवडताना विमलताईंनी चार कप्प्यांचाच घ्यायला लावला; खालचा वरणासाठी, सगळ्यात वरचा गुलाबजामसाठी, आणि तो कायम रिकामा ठेवायचा असं ठरलं.

खडूचा डबा ममताच्या हातात देण्यात आला. तो तिचाच होता, पण तिने दोन्ही हातांनी घेतला. टाळ्या थांबायच्या आधीच मागून तो पीकविम्याचा म्हातारा उठला, मोबाईल डोळ्यांपासून लांब धरला आणि शेडच्या या टोकाकडून त्या टोकाला ओरडला, "ममता, ओटीपी आला वं. चार, सात, दोन..." अख्ख्या सभेने शेवटच्या आकड्यापर्यंत ऐकला.

सभेने एकमताने एक अर्जही मंजूर केला. तो ममताने त्याच संध्याकाळी टाईप केला. वर गणपती घातला, चौकट घातली नाही.

प्रति,
मा. सचिव,
समुद्राशी संबंधित जो कोणता विभाग असेल तो.

विषय : आमच्या मालकीच्या विहिरीचे पाणी नेर शहरास सोडण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अरबी समुद्रातील वरुण या विहिरीचे आम्ही खाली सही करणारे अंशतः मालक आहोत. सदर विहिरीस पाणी लागल्याचे कंपनीने स्वतः जाहीर केले असून याबाबत आता वाद उरलेला नाही. उन्हाळ्यात आमच्याकडील नळ एक दिवसाआड येतात व कधीकधी तेही येत नाहीत. तरी सदर पाणी नळाद्वारे नेरच्या टाकीपर्यंत आणून द्यावे. तेथून पुढचे श्री. उकंडा ढोके पाहून घेतील. पाणी खारट असल्याचे समजते, त्यास मंडळाची हरकत नाही.

तसेच सदर विहीर बुजविण्याचे काम चालू असल्याचे कळते. ते आज, हा अर्ज मिळताच, थांबविण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती. पाणी लागलेली विहीर आमच्याकडे बुजवीत नाहीत.